मामांसाठी दोदोल

"दोदोल घरीच करायचा," असं विद्याने रविवारी सकाळी चहाच्या वेळी जाहीर केलं, तेव्हा गोपीनाथ शिधये यांनी नुसती मान डोलावली. बायकोने 'करायचा' म्हटलं की 'कुणी करायचा' हा भाग यथावकाश उलगडतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. तो त्या दिवशी जरा लवकरच उलगडला.

प्रसंग तसा मोठा होता. त्यांची एकुलती एक मुलगी शिवांगी नोव्हेना भागातल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होती. सुट्टीच्या दिवशी ती ड्रॅगन बोट चालवायची. त्या लांबलचक नावेत वीसेक जण ढोलाच्या तालावर वल्ही मारतात. शिवांगीच्या शेजारच्या जागेवर बसून वल्हं मारणारा एड्रियन नावाचा मुलगा मूळचा शेजारच्या मलेशियातल्या मलाक्काचा. वल्ही मारता मारता दोघांचं जमलं आणि आज चार वाजता एड्रियनची माणसं तोआ पायोहच्या शिधये यांच्या फ्लॅटवर चहाला येणार होती. सोबत मामा येणार होते, आणि खरी धास्ती मामांची होती.

"बाबा, एव्हरीथिंग डिपेंड्स ऑन मामा," शिवांगीने आठवडाभर बजावलं होतं. "त्यांच्या घरात मामा बोलतात तेच फायनल. एड्रियनचे डॅडीसुद्धा मामांना घाबरतात. आणि मामा काय दोदोल करतात, बाबा! अख्ख्या मलाक्कात तसा कुणाला जमत नाही."

गोपीनाथांना यात वावगं काही वाटलं नाही. आपल्याकडेही मुलीला बोहल्यावर मामाच आणतो. मामाचा मान मोठा आणि रुसवा त्याहून मोठा. फक्त पुरुषमाणूस असून घरी पक्वान्न रांधतो, याचं त्यांना कौतुक वाटलं. त्यांच्या डोळ्यांपुढे भरघोस मिशांचा, उघड्या अंगाचा, भल्यामोठ्या कढईशी झुंजणारा एक मामा उभा राहिला आणि ते मनातल्या मनात त्याला वचकून राहिले.

विद्याचा विचार सरळ होता. "त्यांच्या मामांना दोदोल येतो, तर मुलीच्या आईला का येऊ नये? तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा गूळ. आपल्या कोकणातलंच आहे सगळं. मी व्हिडिओ बघितलाय."

आदल्या दिवशी बाजारात नारळाचं दूध घेताना दुकानातल्या आंटीने विचारलं होतं, "ढवळायला माणसं किती?"

"दोघं. मी आणि मिस्टर."

आंटीने शेजारच्या मासळीवालीला हाक मारून ही बातमी सांगितली. दोघी पोट धरून हसल्या. मग आंटीने पांदानच्या हिरव्यागार, सुवासिक पानांची एक जुडी फुकट पिशवीत टाकली. आजाऱ्याला भेटायला जाताना संत्री नेतात, तसा तिचा चेहरा होता. विद्याने त्याचा अर्थ 'माणसं चांगली आहेत' एवढाच घेतला.

पातेलं तिने महाराष्ट्र मंडळाचं आणलं होतं, मसालेभाताचं. पाहुणे, शेजारी, शिवाय परत जाताना पाहुण्यांना डबा, असा हिशेब करून तिने व्हिडिओतलं प्रमाण दुप्पट केलं होतं. मग 'कमी पडायला नको' म्हणून पुन्हा थोडं वाढवलं होतं.

सुरुवात इतकी सोपी होती की गोपीनाथांना विद्याने सांगितलेल्या मासळीवालीच्या हसण्याचं नवल वाटलं. पांढरंशुभ्र दूध, त्यात कालवलेलं चिकट तांदळाचं पीठ, मंद आच. ते एका हाताने कालथा फिरवत होते आणि दुसऱ्या हाताने मोबाइल बघत होते. विद्याने माडाच्या गुळाचा पाक ओतला आणि पांढऱ्यावर हळूहळू सांजेचा रंग चढत गेला. पांदानचा वास घरभर पसरला. "वा!" गोपीनाथ म्हणाले आणि त्यांनी मोबाइल खिशात ठेवला. ते वासाने भारले होते, इतकंच. मोबाइल धरायला हात यापुढे मोकळा राहणार नाही, हे त्यांना कळायचं होतं.

दुपार कलू लागली तसं पातेल्यातलं प्रकरण घट्ट झालं. आधी खीर होती, तिची पेज झाली, पेजेची खळ झाली. मोठाले बुडबुडे फुगायचे, 'भद्' करून फुटायचे आणि फुटताना मनगटाला चटका देऊन जायचे. गोपीनाथांचा जन्म जहाजांच्या इंजिनांत गेला होता. आधी बोटीवर आणि आता तुआसच्या जहाजदुरुस्तीच्या यार्डात. घराएवढी इंजिनं त्यांनी उघडून पुन्हा बसवली होती. पण कुठल्याही इंजिनाने त्यांना असा विरोध केला नव्हता.

"विद्या, जरा हात दुखतोय गं. दोन मिनिटं थांबू का?"

"अजिबात नाही! व्हिडिओतली बाई म्हणाली, थांबलं की तळाला लागलं आणि तळाला लागलं की सगळं गेलं."

"मग तू घे."

"मी साडी नेसू नको का? मुलीची आई गाऊनमध्ये बसू?"

 गोपीनाथांनी शर्ट काढून ठेवला, डोक्याला ओला पंचा गुंडाळला आणि दोन्ही हातांनी कालथा धरला. तेवढ्यात कालथ्याने 'कट्' असा आवाज केला. दांडा त्यांच्या हातात राहिला आणि बाकीचा कालथा दोदोलात शांतपणे बुडाला.

"अहो, थांबू नका!"

"कशाने ढवळू? हाताने?"

विद्याने चिमट्याने कालथ्याचा तुकडा वर काढला आणि चहूकडे नजर फिरवली. डाव लहान होता, झारा वाकला, लाटणं बुडालं असतं. मग तिची नजर दारातून हॉलच्या भिंतीवर गेली. तिथे एक वल्हं टांगलेलं होतं. साध्या लाकडाचं, रंग ना पॉलिश, दांड्यावर शाईने दोन नावं लिहिलेली. पाण्यात कधीच न गेलेलं.

"अगं, ते एड्रियनने दिलंय तिला! वाढदिवसाला!"

"म्हणजे घरचंच झालं ना!"

विद्याने ते वल्हं उकळत्या पाण्याने, चिंचेने आणि काथ्याने असं घासलं, की ते उजळून निघालं. गोपीनाथांनी ते पातेल्यात उभं घातलं, एक फेरा मारला, आणि चकित झाले. वल्ह्याचं रुंद पातं तळाला असं बसलं की जणू ते याच कामासाठी घडवलं होतं. अख्खं पातेलं एका दमात फिरू लागलं.

आणि नेमकी बेल वाजली.

"चारला येणार होते ना?" गोपीनाथ किंचाळले.

"सेकंड लिंकवर, सरहद्दीच्या पुलावर, गर्दीच नव्हती म्हणे! शिवांगीचा मेसेज मी आत्ता बघतेय!" विद्या साडीच्या निऱ्या खोचत, तोंडात सेफ्टी पिन धरून म्हणाली. "तुम्ही थांबू नका. भूकंप झाला तरी थांबू नका. मी त्यांना हॉलमध्ये गुंतवते." आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेऊन ती गेली.

दाराआडून नमस्कार-चमत्कार ऐकू आले. शिवांगीचा चढा आवाज, कुणा बाईचं हसू आणि मग एका पुरुषाचा घनगंभीर आवाज, जहाजाच्या भोंग्यासारखा. 'हे मामा,' गोपीनाथांनी ओळखलं आणि वल्ह्याचा वेग वाढवला. मुलीचा बाप पाहुण्यांसमोर आला नाही, हा अपमान मामा विसरतील का? पण जावं कसं? बनियन, बर्म्युडा आणि डोक्याला पंचा! आणि हात तर सोडताच येत नव्हते.

थोड्या वेळाने दार किलकिलं झालं. आत आली एक म्हातारी. एवढीशी, गोपीनाथांच्या खांद्यालाही न लागणारी. अंगात नाजूक वेलबुट्टीचा झिरझिरीत कबाया, खाली लुंगीसारखा सारोंग, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, हातात काठी. सोबत आलेली कुणी लांबची आजीबाई असावी, असं गोपीनाथांना वाटलं. ते ढवळता ढवळताच कमरेत वाकले.

"सॉरी, आंटी. नमस्कार करायला हात मोकळे नाहीत."

म्हातारीने त्यांच्याकडे पाहिलंच नाही. तिने पातेल्यात पाहिलं.

"फायर टू बिग," ती म्हणाली.

गोपीनाथांनी कोपराने बटण फिरवलं. म्हातारीने पायाने स्टूल ओढलं, त्यावर बसली आणि काठी गुडघ्यांत धरली. तिचं इंग्रजी तुटक होतं, पण गोपीनाथ बोटीवर साऱ्या जगाचं इंग्रजी ऐकून होते. त्यांना ते मराठीइतकं नीट समजलं.

"तुम्ही बाहेर बसा ना. इथे फार उकडतंय."

"बाहेर सगळे चांगलं चांगलं बोलतायत. कंटाळा येतो," म्हातारी म्हणाली. "हात दुखतायत?"

"छे छे, मुळीच नाही." आणखी एक फेरा झाला. "हो. फार दुखतायत."

"गुड. आता खरं बोलायला लागलास."

हॉलमधून पुन्हा तो भोंगा वाजला. गोपीनाथांनी आवाज खाली आणला. "मामांचा आवाज भारदस्त आहे हो."

म्हातारीने मान कलती करून ऐकलं. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकून गेलं, पण गोपीनाथांचं लक्ष बुडबुड्यांकडे होतं.

"तू मामाला घाबरतोस?"

"सगळेच घाबरतात म्हणे. एड्रियनचे वडीलसुद्धा."

"तो घाबरतो?" म्हातारीने अतिशय समाधानाने विचारलं.

"मुलगी सांगत होती. आंटी, तुम्ही घरातल्या आहात म्हणून विचारतो. मामा स्वभावाने कसे आहेत?"

म्हातारीने विचार केला. "स्वभाव वाईट," ती म्हणाली. "पण दिसायला सुंदर."

हे उत्तर जरा चमत्कारिक होतं. एरवी गोपीनाथांनी त्यावर विचार केला असता. पण त्या क्षणी त्यांच्या खांद्यांखालचा सगळा देह दोदोलाच्या ताब्यात होता आणि डोक्यापर्यंत फारसं काही पोचत नव्हतं.

"इतक्या लांब, दुसऱ्या देशात मुलगी का देतोस?" म्हातारीने एकदम विचारलं.

"मी कुठे देतोय? तिचं तिने ठरवलंय. मी नुसता ढवळतोय."

म्हातारी आवाज न करता हसली. पण ते हसू असं की कबायाच्या पिना हलल्या.

"आणि मामाने नकार दिला तर?"

 पाहुण्यांसमोर बोलायची छान छान वाक्यं गोपीनाथांनी पाठ केली होती. दोन संस्कृती, एक कुटुंब वगैरे. ती सगळी त्या पातेल्यात कुठेतरी विरघळून गेली होती.

"मी बोटीवर असायचो, आंटी," ते म्हणाले. "महिनेच्या महिने. घरी आलो की शिवांगी आधी दाराआड उभी राहायची. मला न्याहाळायची. ओळख पटली की मग जवळ यायची. सगळ्यांशीच तिचं तसं. एवढी मोठी झाली तरी तसंच. आणि परवा एमआरटी स्टेशनवर हा एड्रियन लांबून दिसला, तर ही धावत सुटली. हातातली पिशवी माझ्या अंगावर टाकून. मी बघतच राहिलो. माझी मुलगी अशी धावते, हे मला माहीतच नव्हतं." त्यांनी खांद्याने कपाळाचा घाम पुसला. "मामांनी नाही म्हणू नये, एवढंच."

 म्हातारीने काठी ओट्याला टेकवली, कबायाच्या बाह्या वर सारल्या आणि उठून गोपीनाथांच्या हातांच्या खाली, वल्ह्याच्या दांड्यावर आपले दोन्ही हात ठेवले. मनगटं वाळक्या काटक्यांसारखी होती.

"जोर लावू नको. त्याला कुठे जायचंय बघ आणि तिकडे ने."

आणि वल्हं फिरू लागलं. जे गोपीनाथांना खांदे मोडेपर्यंत रेटावं लागत होतं, ते त्या काटक्या हातांखाली पाण्यातून जावं तसं सरकू लागलं. तळातून वर, वरून कडेला, कडेने पुन्हा तळात. गोपीनाथांचे हात दांड्यावर होते, पण ते आता नुसते पाहुणे होते. डिझेल इंजिनांच्या गडगडाटात त्यांनी अनेक जबरदस्त माणसं पाहिली होती. अशी ताकद पाहिली नव्हती. त्यांच्या अंगावर काटा आला.

"मामा!" दार धाडकन उघडून एड्रियन आत आला. "व्हेअर डिड यू गो? सगळे शोधतायत!"

गोपीनाथांनी दचकून त्याच्या मागे पाहिलं. मामा आले की काय? मागे फक्त शिवांगी होती. मग त्यांनी एड्रियनच्या नजरेचा पाठलाग केला. ती खाली उतरून त्यांच्या हातांच्या खाली असलेल्या पांढऱ्या अंबाड्यावर येऊन थांबली.

"शिवांगी," गोपीनाथ हळूच मराठीत म्हणाले, "या कोण?"

"बाबा! दिस इज मामा, लाह! एड्रियनची आजी! त्यांच्यात आजीला मामा म्हणतात."

"तू कधी सांगितलंस?"

"आय थॉट यू न्यू! एव्हरीबडी नोज!"

 स्वभाव कसा आहे, आवाज भारदस्त आहे, सगळे घाबरतात... काय काय बोललो आपण! गोपीनाथांचे हात आपोआप थांबले.

"डोन्ट स्टॉप!" मामा ओरडल्या. मग मान वर करून त्यांनी गोपीनाथांकडे पाहिलं. "दिसायला सुंदर, हे खोटं होतं का?"

"नाही, नाही! अगदी खरं!"

"अंकल," एड्रियन चाचरत म्हणाला, "ते... ते माझं वल्हं आहे का?"

"आमच्या गावात दोदोल वल्ह्यानेच ढवळायचे," मामांनी परस्पर निकाल दिला. "नाव आहे तुझं त्याच्यावर? मग ये. पकड."

एड्रियनने ते पकडलं. पाठोपाठ विद्या धावत आली, तिच्यामागे एड्रियनची आई आणि सगळ्यांत शेवटी तो भोंग्याच्या आवाजाचा माणूस, एड्रियनचे वडील. 'एक्स्क्यूज मी, मॅडम' म्हणत तो दारात घुटमळला. मामांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसा त्याने मुकाट्याने घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि रांगेत उभा राहिला. हॉलमध्ये पोहे गार झाले. फ्लॅटचं स्वयंपाकघर ते केवढं! त्यात सात माणसं, एक पातेलं आणि एक वल्हं. जो दमेल तो बाजूला व्हायचा आणि दुसरा हात घालायचा. विद्याने रेशमी पदर कमरेला खोचला. एड्रियनच्या आईने बांगड्या उतरवल्या. कोणाला कोणाची भाषा पुरती कळत नव्हती आणि सगळे एकाच वेळी बोलत होते. मग हळूहळू कुणीच बोलेनासं झालं.

कारण पातेल्यात काहीतरी घडत होतं. इतका वेळ जे चिकटत, ओढत, तंगडी धरत होतं, त्याने एकाएकी कडा सोडल्या. नारळाचं तेल झऱ्यासारखं सुटलं. काळपट तपकिरी रंगावर अशी झळाळी आली की वरचा दिवा त्यात जसाच्या तसा दिसला. आणि मग तो सगळा गोळा वल्ह्याभोवती एकसंध उचलला गेला, जड, मऊ, सावकाश कूस बदलणारा. झोपेतलं मूल कुशीवर वळतं तसा.

"अगं बाई!" विद्या पुटपुटली. तिचा हात तोंडावर गेला होता.

सकाळी याच पातेल्यात पांढरं पाणी होतं, हे गोपीनाथांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही खरं वाटेना. पिठाला, दुधाला आणि गुळाला हे कुणी शिकवलं? आणि पहिल्यांदा ज्या कुणी हे केलं असेल, त्या माणसाला थांबायचं नाही हे कसं कळलं असेल?  त्यांनी शेजारी पाहिलं. भोंग्याच्या आवाजाचा तो माणूसही डोळे पुसत होता. घाम असेल.

विद्याला धीर निघेना. तिने चमचाभर दोदोल केळीच्या पानाच्या तुकड्यावर काढला, फुंकर मारली आणि दोन्ही हातांनी मामांपुढे धरला. मामांनी तो बोटाने उचलून तोंडात टाकला.

सगळ्यांनी श्वास रोखला. मामांनी एकदा चावलं. दुसऱ्यांदा चावलं. मग त्यांचा जबडा थांबला. डोळे मोठे झाले. त्यांनी उजवा हात वर उचलला, तळवा समोर, बोटं ताठ.

"आशीर्वाद देतायत!" विद्या कुजबुजली. "शिवांगी, अगं बघतेस काय! नमस्कार कर! एड्रियन, तू पण! वाका, वाका!"

दोघं वाकली. विद्या वाकली. बनियन, बर्म्युडा आणि पंच्यासकट गोपीनाथ वाकले. एड्रियनच्या आईवडिलांनी एकमेकांकडे पाहिलं आणि आपण मागे राहायला नको म्हणून तेही वाकले. मामांचा हात वरच होता. नाकाने त्या काहीतरी जोरजोरात म्हणत होत्या. हा त्यांच्याकडचा मंत्र असावा, असं समजून सगळे आणखी खाली वाकले.

"चहा! गरम चहा द्या!" मान वर करून बघताच एड्रियन ओरडला. "मामाची कवळी चिकटलीये!"

चहा आला. मामांनी तो तोंडात धरला, गालातल्या गालात फिरवला. कधीतरी 'टॉक्' असा आवाज झाला आणि जबडा सुटला.

"स्टॉप!" मामा म्हणाल्या. "केव्हाची सांगतेय, स्टॉप! गरम दोदोल खातात का कधी? रात्रभर निवला पाहिजे. मग कापायचा. मग खायचा."

 शिवांगी अजून अर्धी वाकलेलीच होती.

"म्हणजे मामा," तिने हळूच विचारलं, "तो आशीर्वाद नव्हता?"

मामांनी तिच्याकडे पाहिलं. मग ओळीने सगळ्यांकडे पाहिलं. वाकलेल्या पाठी, गुळाचे हात, चुरगळलेलं रेशीम. शेवटी त्यांची नजर गोपीनाथांवर थांबली. गोपीनाथांना नमस्कारासाठी हात जोडायचे होते, पण बोटं वल्ह्याच्या दांड्याच्या आकारात आखडली होती, ती काही केल्या सरळ होत नव्हती.

"मी दोन-तीन महिने काही बोलणार नव्हते," मामा म्हणाल्या. "सगळ्यांना थोडी काळजी करायला लावणार होते. या वयात दुसरी मजा काय असते?" त्यांनी बोटाने कवळी नीट बसवली. "पण आता सगळे वाकलात. हात मी वर केला. केला तो केला."

असं म्हणून त्यांनी केळीचं पान विद्यापुढे सरकवलं.

"अजून थोडा वाढ. फुंकर मारून."